वेताळाचा प्रश्न आणि हिंगोलीचे वाचक

मुलांच्या पुस्तकाबद्दल मुलांना काय वाटले, हे लिहून ठेवलेले क्वचितच सापडते. परीक्षणे मोठी माणसे लिहितात, बक्षिसे मोठी माणसे ठरवतात, आणि आठवणी लिहायला बसणारेही तोवर मोठेच झालेले असतात. हिंगोलीसारख्या भागात तर मोठी माणसेही बालसाहित्यावर लिहायच्या भानगडीत फारशी पडली नाहीत. तरीही ‘चांदोबा’ मासिकातल्या विक्रम-वेताळाच्या मालिकेबद्दल इथल्या वाचकांचे मत कसे असावे, याचा अदमास बांधता येतो. ते मत ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ असे नसावे. वेताळ गोष्ट सांगून प्रश्न घालतो आणि राजा विक्रम उत्तर देतो, म्हणून ते ‘राजाचे उत्तर बरोबर की चूक’ असे असावे. आणि त्यामागे या मुलखाची ऐकण्याची सवय होती, असे मला वाटते.

आधी या कथांचे मूळ पाहू, कारण ते मराठवाड्याला परके नाही. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागर’ रचला. त्यातला वेताळाला खांद्यावर वाहणारा राजा त्रिविक्रमसेन (मासिकातला विक्रम) हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. सोमदेवाने ज्या बृहत्कथेचा आधार घेतला, तिचा कर्ता गुणाढ्य हाही परंपरेप्रमाणे सातवाहनांच्या दरबारातला. त्याची हकीकत वाचकांच्या मतांविषयीच आहे. पैशाची भाषेतला सात लाख श्लोकांचा ग्रंथ राजाने भाषेवरूनच नाकारला. तेव्हा गुणाढ्य रानात जाऊन एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचलेले पान अग्नीत टाकू लागला. जनावरे चरणे विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. सहा लाख श्लोक जळाल्यावर राजाला उपरती झाली आणि उरलेला एक लाख वाचला. मूळ बृहत्कथेत वेताळाच्या कथा होत्या की नव्हत्या, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण दरबारी समीक्षक आणि रानातले श्रोते यांचा कौल इतका उलटा पडल्याचे उदाहरण दुसरे कुठले सांगावे?

तसाच उलटा कौल विसाव्या शतकातही पडला असावा. मद्रासला बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेल्या मासिकाची ‘चांदोबा’ ही मराठी आवृत्ती 1952 मध्ये निघाली. पुण्या-मुंबईच्या मुलांना तोवर वाचायला बरेच होते. वा. गो. आपट्यांचे ‘आनंद’ 1906 पासून चालू होते आणि भा. रा. भागवतांचा ‘बालमित्र’ 1951 मध्ये आला होता. तिथे मद्रासहून अनुवादित होऊन येणारे, राजा-राक्षसांच्या गोष्टींचे मासिक म्हणजे खालच्या पायरीचे वाचन, असे समजणे सोपे होते. हिंगोली, कळमनुरी, वसमत हे तालुके तेव्हा परभणी जिल्ह्यात होते (वेगळा हिंगोली जिल्हा 1 मे 1999 चा) आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. 1918 मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे. वरच्या शिक्षणाची आणि सरकारी नोकरीची वाट उर्दूतूनच जाणारी. 1951 च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरातले नव्वदच्या आसपास लोक निरक्षर होते. मराठी शाळेला मोकळीक मिळून चारच वर्षे झालेल्या या भागात ‘चांदोबा’ आला, तेव्हा त्याला तोलायला आधीचे मासिक घरात असण्याचा संभव कमी होता. म्हणून इथे तो दुय्यम ठरण्याचे कारणच नव्हते.

मग त्याला तोलले कशाने? माझ्या मते पोथीने. श्रावणात ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘नवनाथ भक्तिसार’ लावायचा, एकाने वाचायचे, जाणत्याने अर्थ सांगायचा आणि ऐकणाऱ्यांनी मधेच शंका काढायची, ही रीत निरक्षरांनाही वाचक करणारी होती. त्यात हा संत नामदेवांचा मुलूख. नर्सीत त्यांचे जन्मस्थान, आणि औंढ्यात त्यांच्यासाठी नागनाथाचे देऊळ फिरल्याची आख्यायिका. कीर्तन देवळाच्या मागे करायला लावले, तेव्हा देऊळच तिकडे वळले. ही गोष्ट सांगणारा तिथेच थांबत नाही, नंदी मागच्या बाजूला असल्याचे दाखवतो. म्हणजे अद्भुत गोष्टीलाही इथे साक्ष लागते, ‘कशावरून?’ हा प्रश्न गृहीत धरलेला असतो. अशा श्रोत्यांपुढे वेताळ आला तो तोच प्रश्न घेऊन.

वेताळाने सांगितलेली मंदारवतीची गोष्ट घ्या. तिच्यावर तिघे ब्राह्मण तरुण भाळले आणि ती अचानक मेली. एक तिच्या राखेवरच झोपू लागला, एकाने अस्थी गंगेला नेल्या, तिसरा मंत्र शिकून आला आणि त्याने तिला जिवंत केले. ती कोणाची? ज्याने जीव दिला तो बाप ठरतो, अस्थी नेणारा मुलगा ठरतो, आणि राखेला न सोडणारा नवरा, असा राजाचा निवाडा. तर्क चोख आहे, पण पोरीला कोणी विचारले, हे राजाला सुचत नाही. मूळच्या पंचवीस गोष्टी संपल्यावर मासिकाने याच चौकटीत शेकडो नव्या गोष्टी लिहून घेतल्या, आणि प्रत्येकीत उत्तराआधी थांबायची जागा ठेवली. ती जागा वाचकाची. मोठ्याने वाचणारा तिथे थांबला, की ऐकणाऱ्यांत दोन तट पडणारच.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळे अनुमान आहे, हिंगोलीच्या पोरांचे पत्र कुठे आहे? आक्षेप खरा आहे. पण पत्र लिहिणे ही मत देण्याची एक शहरी तऱ्हा आहे. ती सापडली नाही म्हणून मतच नव्हते, असे ठरवले तर निरक्षर समाजाला कधीच अभिरुची नव्हती म्हणावे लागेल. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: भुताखेतांच्या गोष्टींनी भीती आणि अंधश्रद्धा वाढते. हा काही मराठीपुरता वाद नव्हता. 1952 मध्येच लेखक सी. एस. लुईस इंग्लंडच्या ग्रंथपालांपुढे मुलांना परीकथांतल्या भीतीपासून दूर ठेवण्याविरुद्ध बोलत होते. आपल्याकडे प्रश्न आणखी अवघड, कारण शिवेवरचा शेंदूर फासलेला वेताळ ही गावात जिवंत गोष्ट होती. पण मासिकातला वेताळ नवस मागत नाही, अंगात येत नाही. तो प्रेतात बसून न्यायाचे कोडे घालतो, आणि माहीत असून गप्प राहशील तर डोक्याची शकले होतील, असे बजावतो. मासिकाचे चित्रकार शंकर यांच्या चित्रांतला तलवार घेतलेला राजाही त्याला घाबरलेला दिसत नाही, थकलेला दिसतो. ज्याच्याशी वाद घालता येतो त्याचे भय टिकत नाही. राजेशाहीचे उदात्तीकरण हा तिसरा आक्षेप मात्र मी पूर्ण खोडून काढू शकत नाही. त्या गोष्टींत शहाणपण बहुतेकदा सिंहासनावरच असते.

2013 मध्ये मासिक बंद पडले. 1948 नंतरच्या दशकात शाळेत गेलेली वसमत-कळमनुरीची पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. तिच्या आठवणी गोळा करणाऱ्यांनी ‘चांदोबा आवडायचा का’ हे विचारू नये, त्याला सगळे हो म्हणतील. विक्रमाचे कोणते उत्तर चुकीचे वाटले होते, ते विचारावे.