शस्त्राला थांबविणारे चित्र

मलाशयाच्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहास हा दीर्घकाळ केवळ शस्त्राचा इतिहास होता. लंडनचे शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली पोट आणि गुदप्रदेश अशा दोन्ही बाजूंनी रोगग्रस्त भाग समूळ काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. रोगी वाचला, तरी त्याचा नैसर्गिक मलमार्ग कायमचा बंद होई आणि पोटावरील कृत्रिम द्वाराशी त्याला जन्मभर जुळवून घ्यावे लागे. जिवासाठी एवढे मोल द्यावेच लागते, असे पुढे कित्येक दशके मानले गेले.

१९८२ साली इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील बिल हील्ड यांनी मलाशयाभोवतीचे मेदयुक्त वेष्टन अखंड काढण्यावर भर दिला. त्यामुळे रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण घटले. लीड्सच्या फिलिप क्वर्क यांनी १९८६ मध्ये दाखविले, की काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत रोग पोचला असेल, तर तो परतण्याची भीती फार मोठी. परंतु ही कड दिसे ती शस्त्रक्रियेनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली. शल्यविशारदाला ती आधी दिसावयास हवी होती.

राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेल्या क्ष-किरणांनी हाडे उजेडात आणली. मृदू पेशीजाल मात्र बरेचसे झाकलेलेच राहिले. ही उणीव चुंबकीय प्रतिमांनी, म्हणजे एम्. आर्. आय्. ने, भरून काढली. युरोपातील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या ‘मर्क्युरी’ अभ्यासाने २००६ साली सिद्ध केले, की शस्त्रक्रियेनंतर कड रोगमुक्त निघेल की नाही, हे या चित्रावरून आधीच विश्वासाने सांगता येते.

दरम्यान शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार व औषधे देण्याची पद्धत रूढ होत होती. काही रोग्यांची गाठ एवढ्यानेच नाहीशी होई. मग निरोगी दिसणारा अवयव कापावा कशासाठी? ब्राझीलमधील साओ पाउलो येथील आंजेलिता हाब्र-गामा यांनी हा प्रश्न धिटाईने विचारला. २००४ मध्ये त्यांनी २६५ रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला; त्यांतील ७१ जणांवर शस्त्रक्रिया न करता केवळ सतत लक्ष ठेवले होते. अनेक तज्ज्ञांना हे धाडस वाटले, आणि ती भीती निराधार नव्हती.

कारण गाठ गेली की व्रणाच्या आड दडली, हे ओळखणे कठीण असते. चुंबकीय चित्रात तंतुमय व्रण काळसर आणि उरलेला रोग करडा दिसतो. या भेदावरून गाठ किती विरघळली याच्या पाच पायऱ्या ठरविण्यात आल्या. दाट पेशींत पाण्याच्या कणांचा संचार खुंटतो, हे टिपणाऱ्या चित्रांची त्याला जोड मिळाली. उपचारापूर्वीच्या चित्रातील सूक्ष्म पोत संगणकाकडून वाचून घेऊन फळ आधीच वर्तविण्याचे प्रयत्नही चालू आहेत. पण केवळ त्यांवर विसंबून निर्णय घेण्याइतका भरवसा अद्याप आलेला नाही.

२०१८ साली १५ देशांतील रोग्यांची एकत्रित नोंद प्रसिद्ध झाली. गाठ पूर्ण गेलेल्या ८८० जणांपैकी सुमारे चतुर्थांशांत ती दोन वर्षांच्या आत पुन्हा त्याच जागी वाढली. म्हणून शस्त्र बाजूला ठेवल्यावरही बोटाने, दुर्बिणीने आणि चित्राने वारंवार तपासणी करावी लागते. मात्र उरलेल्या तीन-चतुर्थांशांना तेवढ्या काळात तरी गाठीसाठी शस्त्राला सामोरे जावे लागले नाही. माइल्स यांच्या काळात हा पर्यायच कोणापुढे नव्हता.