तळणीचे वापरलेले तेल: कधी थांबावे, कोणाला द्यावे

वडे, भजी, समोसे, फरसाण तळून विकणारे फेरीवाले, बचत गट आणि खानावळ चालवणाऱ्यांसाठी ही माहिती आहे.

नियम काय आहे?

तेल वारंवार तापवल्याने त्यात आरोग्याला घातक घटक वाढत जातात. त्यांना ‘एकूण ध्रुवीय संयुगे’ म्हणतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमानुसार १ जुलै २०१८ पासून, हे प्रमाण २५ टक्क्यांहून जास्त असलेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही. हे प्रमाण उपकरणानेच मोजता येते, आणि गाड्यावर ते क्वचितच असते. म्हणून खुणा ओळखा: निळसर करडा धूर, घट्ट फेस, काळपट चिकट तेल. असे दिसले की तो घाणा शेवटचा समजा. तेल शक्यतो एकदाच वापरावे, फार तर तीनदा. जुन्या तेलात ताजे ओतल्याने जुने सुधारत नाही.

उरलेल्या तेलाचे काय करावे?

ते गटारात ओतू नका. स्वस्तात मागणाऱ्या कोणालाही विकू नका. तुमच्या कढईतून काढलेले तेल गाळून दुसऱ्याच्या कढईत गेले, तर तुम्ही पाळलेल्या नियमाचा खाणाऱ्याला काहीच फायदा होत नाही.

याच तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून बायोडिझेल बनते आणि ते डिझेलमध्ये मिसळता येते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात वापरलेल्या खाद्यतेलाचा कच्चा माल म्हणून समावेश आहे. यासाठी वेगळी शेतजमीन लागत नाही, ही मोठीच सोय. त्याच वर्षी प्राधिकरणाने ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. (हिंदीत रुको म्हणजे थांबा. नाव नेमके आहे.) यात नोंदलेल्या संकलकांची व बायोडिझेल उत्पादकांची यादी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. तेल त्यांनाच द्या आणि पावती घ्या.

एका गाड्यावरचे दोन-चार लिटर नेण्यासाठी कोणी फेरी मारेलच असे नाही. त्यामुळे एकाच बाजारातील विक्रेत्यांनी किंवा गटातील महिलांनी मिळून कॅन भरणे सोयीचे. तेल थंड करून गाळा, पाणी जाऊ देऊ नका, कॅनवर ‘खाण्यासाठी नाही’ असे ठळक लिहा.

नोंद कोणी ठेवायची?

तळणासाठी दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना १ मार्च २०१९ पासून नोंद ठेवणे बंधनकारक आहे: कोणते तेल, किती वापरले, किती काढून टाकले, कधी आणि कोणाला दिले. तुमचा वापर कमी असला तरी एक वही ठेवा. तपासणीच्या वेळी पावतीसोबत ती दाखवता येते.

घरगुती तेल

थोडेच असेल तर वाळूत किंवा लाकडाच्या भुशात मुरवून कचऱ्यात टाका.

तक्रार किंवा चौकशीसाठी प्राधिकरणाचा निःशुल्क क्रमांक: १८००-११-२१००.