मधानें लोळविलेली छावणी

इ. स. पू. ४०१ मध्यें बाबिलोनजवळ कुनाक्सा येथें इराणचा राजपुत्र सायरस लढाईंत पडला, आणि त्याच्या चाकरींतील सुमारें दहा हजार ग्रीक शिपाई परमुलखांत निराधार झाले. त्यांचे सेनापति इराण्यांनीं कपटानें धरून मारले. आर्मेनियाचें बर्फ तुडवीत हे लोक काळ्या समुद्राकडे निघाले. नव्या नायकांपैकीं एक सॉक्रेटिसाचा शिष्य झेनोफन. त्याच्या 'अनाबासिस' ग्रंथांत एका विलक्षण मुक्कामाची हकीगत आहे.

ट्रापेझस, म्हणजे आजचें तुर्कस्तानांतील ट्रॅब्झॉन, दोन मजलांवर राहिलें होतें. कोल्खियन लोकांची फळी फोडून ग्रीकांनीं त्यांच्याच खेड्यांत तळ दिला. अन्न विपुल होतें, आणि मधाचीं पोळीं तर जागोजाग. उपासमार सोसलेल्या माणसांना धीर कोठून असणार? ज्यांनीं मध खाल्ला त्यांना भ्रम झाला, वांत्या व जुलाब सुरू झाले, कोणालाच उभें राहवेना. थोडा खाणारे झिंगल्यासारखे दिसत; अधिक खाणारे वेड्यासारखे करूं लागले; कांहीं तर मरणोन्मुख भासले. रणांत पराभव व्हावा तशीं माणसें पडलेलीं पाहून तळावर विषण्णता पसरली. परंतु दुसऱ्या दिवशीं पाहतात तों एकही दगावला नव्हता! जवळजवळ त्याच घटकेस सारे शुद्धीवर आले, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं औषध घेतल्याप्रमाणें उठून उभे राहिले.

देवाचा कोप झाला असें लिहिणें किती सोपें होतें! झेनोफनानें मात्र लक्षणें, मात्रा आणि काळ एवढेंच नोंदविलें. म्हणूनच आजच्या वैद्यांनाही ती नोंद उपयोगी पडते. त्या डोंगरउतारांवर ऱ्होडोडेंड्रॉनचीं झुडपें फार; हिमालयांतील बुरांस त्यांचाच भाऊबंद. तेथील फुलांच्या रसांत ग्रेयानोटॉक्सिन नांवाचें विष असतें. त्यानें नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, आणि माणसाच्या पायांतलें बळ जातें. तुर्कस्तानांत अशा मधाला आजही 'देली बाल', म्हणजे वेडा मध, म्हणतात. तो खाऊन रुग्णालयांत आलेल्यांची नाडी फारच मंद असल्यास अ‍ॅट्रोपीन टोंचतात. बहुतेक रोगी एक-दोन दिवसांत बरे होतात.

ग्रीकांपाशीं अ‍ॅट्रोपीन नव्हतें. कोल्खियन नुकतेच हरले होते, त्यामुळें पडून राहण्यास तीन-चार दिवस मिळाले, हेंच त्यांचें औषध. तीनशेंहून अधिक वर्षांनीं, इ. स. पू. ६६ च्या सुमारास, याच डोंगरांत पॉम्पीच्या रोमन सैन्याला तेवढी उसंत लाभली नाहीं. त्याच प्रांतांत जन्मलेला भूगोलकार स्ट्रेबो सांगतो कीं, हेप्टाकोमेटी नांवाच्या डोंगरी लोकांनीं या मधाचें पेय भांड्यांत भरून वाटेवर ठेविलें, आणि तें पिऊन भान हरपलेल्या तीन तुकड्या सहज कापून काढल्या.