बेने इस्राएलांचे सण

ज्या समाजाजवळ बखरी नाहींत, ताम्रपट नाहींत, आणि ज्याचे पूर्वज आपली लिपि देखील विसरून गेले होते, त्याचा इतिहास शोधावा तरी कोठें? आम्हांस वाटतें, तो त्याच्या सणांत शोधावा. कोंकणांतील बेने इस्राएल लोकांचे जुने सण या दृष्टीनें फार बोलके आहेत.

आपल्या पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यापाशीं फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि धर्मग्रंथ समुद्रांत गेले, अशी या लोकांची परंपरा सांगते. हें केव्हां घडलें याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. आजच्या रायगड जिल्ह्यांतील गांवोगांवीं ते घाण्यावर तेल काढीत, मराठी बोलत, आणि किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर अशीं आडनांवें लावीत. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. ग्रंथ नव्हता, प्रार्थनामंदिर नव्हतें. ईश्वर एक आहे असें सांगणारें 'शेमा' हें हिब्रू वचन तेवढें तोंडीं उरलें होतें, आणि तेंच सर्व मंगल-अमंगल प्रसंगीं म्हटलें जाई.

असें असूनहि सण मात्र राहिले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८९७ सालीं लिहिलेल्या व १९३७ सालीं तेल अवीव येथें प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथांत त्यांचीं नांवें नमूद केलीं आहेत, आणि तीं बहुतेक शुद्ध घरगुती मराठी आहेत. यहुदी वर्षारंभ 'रोश हशाना' हा 'नव्याचा सण' झाला. त्याच महिन्यांत नव्या धान्याची खीर नारळाच्या रसांत शिजवून, ऊद जाळून, शेमा म्हणून खात, तो 'खिरीचा सण'. एस्तर राणीनें आपल्या लोकांस संहारांतून वांचविल्याची आठवण म्हणून जगभर यहुदी लोक 'पुरीम' पाळतात; येथें त्याला 'होळीचा सण' असें नांव पडलें.

प्रायश्चित्ताचा जो महादिवस, 'योम किप्पूर', त्याला ते 'दारफळणीचा सण' म्हणत. त्या दिवशीं स्नान करून, शुभ्र वस्त्रें नेसून, कडकडीत उपास धरून घरांत दार लावून बसावयाचें, परक्याशीं बोलावयाचें नाहीं, अशी रीत होती. गंमत अशी कीं, यहुदी मंदिरांतून त्या दिवशीं संध्याकाळीं जी अखेरची प्रार्थना होते, तिच्या 'नेइला' या नांवाचा अर्थहि 'दारें मिटणें' असाच आहे! तेथें स्वर्गाचीं दारें मिटतात, येथें तेल्याच्या घराचें दार. दुसरा दिवस 'शिळा सण'. पितरांचे आत्मे आदल्या संध्याकाळीं घरीं येतात व शिळ्या सणाला परत जातात, ही समजूत मात्र कोणास शेजारच्या पितृपक्षाची आठवण करून दिल्यावांचून राहणार नाहीं.

सर्वांत मार्मिक नांव वल्हांडणाच्या सणाचें आहे. मिसर देशांतील दास्यांतून सुटका झाल्याच्या या सणांत आंबविलेलें अन्न वर्ज्य असतें. कोंकणांतला माणूस भात व तांदळाची भाकरी खाणारा. त्याच्या घरांत खमिराचा पाव कोठून असणार? पण आंबट कालवणाचें एक भांडें असे. आठ दिवस तें झांकून ठेवीत, आणि सणाचें नांवच 'अनशी ढांकण्याचा सण' पडलें. मोशेची कथा विसरली, पण भांड्यावर झांकण पडावयाचें तें चुकलें नाहीं. हें काम घरच्या स्त्रियांचें. म्हणून या धर्मरक्षणाचें मोठें श्रेय त्यांच्याकडे जातें असें आम्ही समजतों.

पंचांगावांचून तिथि कशा सांपडत, असा प्रश्न सहज उद्भवतो. हिब्रू महिना आपल्या महिन्याप्रमाणें अमावास्येनंतर सुरू होतो, आणि त्यांतहि अधिक मास धरतात. म्हणून नव्याचा सण व घटस्थापना, पुरीम व होळी हे दिवस पुष्कळदां जवळजवळ येतात. २०२४ सालीं रोश हशानाचा पहिला दिवस व घटस्थापना हीं दोन्हीं ३ ऑक्टोबर रोजींच आलीं. अधिक मासाची गणना निराळी असल्यामुळें आदल्याच वर्षीं त्यांत महिन्याचें अंतर पडलें होतें. तरी शेजाऱ्याचा सण व आकाशांतला चंद्र यांवरून या लोकांनीं आपली कालगणना सांभाळली असावी, असा आमचा तर्क आहे.

जें नाहीं तेंहि बोलतें. ख्रिस्तपूर्व १६४ च्या सुमारास यरुशलेमचें मंदिर पुन्हां शुद्ध केल्याचा 'हनुक्का' हा उत्सव यांना ठाऊक नव्हता. यावरून हे लोक त्यापूर्वींच निघाले असावेत, असें अनुमान काढण्यांत आलें. परंतु मंदिराच्या नाशाचा उपास 'बिरड्याचा रोजा' या नांवानें त्यांच्यांत होता, आणि ज्या दोन नाशांचा तो शोक, त्यांतला दुसरा तर इसवी सन ७० मधला! तो मागाहून कोणी शिकविला असेल, किंवा हनुक्काच विस्मृतींत गेला असेल. स्मृतीच्या मौनावर सन-संवत् बसवूं नयेत, हेंच बरें.

१७९६ सालीं मुंबईंत समाजी हसाजी दिवेकर यांनीं पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. पुढें कोचीनचे शिक्षक आले, हिब्रूचें शिक्षण सुरू झालें, आणि १८४६ सालीं वल्हांडणाची पोथी मराठी अर्थासह छापली गेली. जुनीं नांवें मागें पडूं लागलीं. ज्ञान आलें याचा आनंदच आहे. पण अज्ञानाच्या काळांत ज्या नांवांनीं धर्म जिवंत ठेवला, त्यांना अडाणी म्हणून हंसणें कृतघ्नपणाचें होईल. १९४८ नंतर या समाजाचा मोठा भाग इस्राएलांत गेला. तेथें १९६२ च्या सुमारास विवाहाच्या वेळीं त्यांच्या यहुदीपणाविषयीं शंका घेण्यांत आली, मातृकुळाच्या चौकशा झाल्या. निदर्शनें झालीं, आणि १९६४ सालीं तेथील सरकारनें ते सर्वार्थानें यहुदी असल्याचें जाहीर केलें. कागद मागणाऱ्यांना ते काय दाखविणार? त्यांच्यापाशीं होतें तें एक लावलेलें दार, एक झांकलेलें भांडें आणि शनिवारीं न फिरलेला घाणा. आमच्या मतें याहून बळकट पुरावा इतिहासाला क्वचितच मिळतो.