ग्राहक राजा झाला, पण कोणता ग्राहक?

सोशल मीडियामुळे ग्राहक राजा झाला, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. जेवणात केस निघाला, फोटो टाका. बिल जास्त लावले, गुगलवर एक तारा द्या. दुकानदार धावत माफी मागतो. यात खोटे काही नाही. पण यामागचा इतिहास सांगितला नाही, तर व्यापारातली पारदर्शकता ही मोबाईल कंपन्यांनी दिलेली भेट आहे असे आपल्या पोरांना वाटू लागते. तो इतिहास आपल्या वर्धा जिल्ह्यापासूनच सुरू करता येतो.

एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाट याच नावाने ओळखला जाई. सातासमुद्रापार आपल्या गावच्या नावाने दर निघत होता. इथल्या शेतमालाच्या बाजारांत मात्र हत्ता पद्धत होती. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत, बोटे दाबत आणि भाव ठरवून मोकळे होत. माल ज्याचा, तो गाडीजवळ उभा राहून रुमालाकडे बघत असे. वरून तोलाई, हमाली, धर्मादाय अशी कापाकापी. दान शेठजीच्या नावावर आणि पैसा शेतकऱ्याचा!

शेजारच्या वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला, पण समितीवर वरचष्मा व्यापाऱ्यांचा. वर्धा तेव्हा मध्यप्रांतात होता. तिथे कापूस बाजाराचा कायदा यायला १९३२ उजाडले. त्याआधी १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने या गुप्त सौद्यांवर आणि कापाकाप्यांवर बोट ठेवले होते.

सावकाराच्या वहीचे तेच. वही त्याची, लिहिणारा तो, वाचणाराही तोच. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. ग्राहकाचा अभिप्राय म्हणायचा तर तो हा. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. आपल्याकडे १९३४ च्या मध्यप्रांत सावकारी कायद्याने प्रत्येक ऋणकोचा हिशेब ठेवणे आणि दरवर्षी त्याचा लेखी उतारा ऋणकोला देणे सावकारावर बंधनकारक केले. सावकार सज्जन झाला म्हणून वही उघडली नाही. कायद्याने उघडायला लावली.

पण ही झाली ज्याच्याकडे निदान गाडीभर कापूस होता त्याची गोष्ट. ज्याला दुकानाच्या पायरीवर चढू देत नव्हते, ज्याचे नाणे पाणी शिंपडून घेत आणि ज्याला सामान दुरून टाकत, तो कोणाला अभिप्राय देणार? भाव विचारायलाही आधी ग्राहक म्हणून उभे राहावे लागते.

बाबासाहेबांनी हे लहानपणीच भोगले. १९०१ साली ते भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. पोरे महाराची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी सौदा ठरला तो असा : भाडे दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान शेजारून पायी चालणार. पैसे पूर्ण, उलट दुप्पट, आणि सेवा शून्य. आत्मकथनपर टिपणांत त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

तो मुलगा पुढे संविधान सभेत बोलला, तेव्हा त्याने 'दुकान' या शब्दाचाच अर्थ पालटला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, आजच्या कलम १५ च्या मसुद्यावरील चर्चेत, धोबी, न्हावी यांचे काय असा प्रश्न आला. बाबासाहेबांनी सांगितले की दुकान म्हणजे नुसते आत जाण्याची परवानगी नव्हे. जो कोणी सेवा द्यायला बसला आहे, त्याची सेवा ठरलेल्या अटींवर मिळणे, असा त्याचा व्यापक अर्थ आहे. डॉक्टरचा दवाखानाही त्यात आला. वर्ध्याचा इतिहास सांगणारे १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले झाल्याचे हमखास सांगतात. सांगोत बापडे. कलम १५(२) मध्ये मात्र मंदिर नाही. तिथे दुकान, उपाहारगृह, हॉटेल, विहीर, रस्ता आहे. रोजचे जगणे तिथे चालते.

१९५५ च्या अस्पृश्यता निवारण कायद्याचे, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे, कलम ६ हेच सांगते. इतरांना ज्या वेळी, ज्या जागी, ज्या अटींवर माल किंवा सेवा मिळते, तशीच सर्वांना मिळाली पाहिजे. अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारली तर तो गुन्हा आहे. एक तारा देणे म्हणजे दुकानदाराला विनंती, हे कलम म्हणजे हक्क. म्हणून कार्यकर्त्याने पोस्ट जरूर टाकावी, पण बिल, तारीख, साक्षीदार आणि लेखी तक्रार हाताशी ठेवूनच. पोस्ट उडवता येते, पोहोच घेतलेला अर्ज उडत नाही.

सोशल मीडियाची ताकद मी नाकारत नाही. १९ मार्च २०२४ रोजी झोमॅटोने 'शुद्ध शाकाहारी' ताफा जाहीर केला आणि त्या रायडरना हिरवा गणवेश दिला. शुद्ध-अशुद्धाची ही वाटणी कुठून येते ते आपल्या लोकांनी लगेच ओळखले. चहूबाजूंनी टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला गेला. सगळे लाल कपड्यांत. ताफा मात्र तसाच ठेवला, हे विसरू नका. कपडा बदलला, कल्पना बदलली नाही.

आणि त्या पार्सलवाल्याचे काय? अभिप्राय आता उलटाही चालतो. ग्राहकाला ॲपवर रायडरचे नाव दिसते, तारे ग्राहक देतो, आणि तारे घटले की पोटावर येते. वस्तीतली किती पोरे आज पाठीवर पिशवी घेऊन फिरत आहेत, ते आपण बघतोच. अन्न उशिरा आले म्हणून तारा कापला की आडनाव वाचून, हे त्या पोराला कोण सांगणार? हाही रुमालच आहे. १९३४ च्या कायद्याने हिंगणघाटच्या सावकाराला ऋणकोच्या हातात लेखी उतारा द्यावा लागत होता. मग ॲप कंपनीने रायडरच्या हातात त्याच्या ताऱ्यांचा कारणांसकट लेखी हिशेब का देऊ नये? ही मागणी कामगार आयुक्तांपुढे कोण नेणार, ते आपल्या संघटनांनी येत्या बैठकीत ठरवावे.