पोकर-यंत्राची पारख

पत्त्यांचा डाव मांडला म्हणजे आपल्या घरांतून एक रीत न सांगतां पाळली जाते. एकानें पानें पिसावीं, दुसऱ्यानें काटावीं, आणि मग तीं वाटावीं. या रीतींत कोणाचाहि अविश्वास नाहीं; उलट सर्वांचा मान राखण्याचा तो सोपा उपाय आहे. पिसणाऱ्याचे हात सर्वांस दिसतात, आणि जें दिसत नाहीं त्याची भरपाई काटणारा करितो. परंतु पिसणारा हातच एखाद्या पेटींत दडला, तर विश्वास कशावर ठेवावयाचा? हा प्रश्न सव्वाशें वर्षांहून जुना आहे, आणि तळहातावर मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या पोकरच्या खेळाची पारख करितांना तोच प्रथम विचारला पाहिजे.

ज्यांस पोकर ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. यंत्रावरील पोकर एकट्यानें खेळावयाचा असतो. बावन्न पानांतून पांच पानें मिळतात. हवीं तीं ठेवावीं, नकोत तीं एकदांच बदलून घ्यावीं, आणि हातीं जो मेळ येईल त्याप्रमाणें बक्षीस मिळावें. एकाच जातीचीं दश्शी, गुलाम, राणी, राजा व एक्का जमलीं म्हणजे तो 'रॉयल फ्लश', सर्वांत मोठा मेळ.

पोकर पेटींत शिरला तो १८९१ सालीं, अमेरिकेंतील ब्रुकलीन शहरीं. सिटमन व पिट यांनीं बनविलेल्या यंत्रांत पांच फिरते दंडगोल असत, व त्यांवर मिळून पन्नास पानें लाविलेलीं असत. नाणें टाकून दांडा ओढला कीं दंडगोल फिरून पांच पानें समोर उभीं राहत. बक्षीस यंत्र देत नसे; दारूच्या दुकानाचा मालक एखादा पेला किंवा चिरूट देई. पन्नास पानें म्हणजे दोन पानें गाळलेलीं, आणि तीं बहुधा इस्पिकची दश्शी व बदामाचा गुलाम हीं असत. रॉयल फ्लश चारच प्रकारें होऊं शकतो, एकेका जातीचा एक. या दोन पानांच्या अभावीं इस्पिक व बदाम या दोन्ही जातींचे फ्लश अशक्य झाले, म्हणजे खेळणाऱ्याची आशा निम्मी झाली. यांतील मर्म असें कीं, समोर आलेल्या कोणत्याहि हातांत कांहींच खोट दिसत नसे. खोट होती ती कधींच न येणाऱ्या पानांत.

पुढें सान फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे यानें तीन चाकांचें 'लिबर्टी बेल' यंत्र केलें. पोकरचे मेळ इतके नाना प्रकारचे, कीं ते ओळखून आपण होऊन नाणीं देणें त्या काळच्या यंत्रविद्येस साधणारें नव्हतें. तीन चाकांवरील मोजक्या चित्रांस तें सहज साधलें. पोकरला मायक्रोप्रोसेसरची वाट पाहावी लागली. तो १९७१ सालीं बाजारांत आला, आणि १९७९ सालीं सी रेड यांच्या कंपनीच्या 'ड्रॉ पोकर' या यंत्रानें नेवाडांतील जुगारगृहांत चांगलेंच बस्तान बसविलें. आतां दंडगोल गेले. पानें पडद्यावर दिसूं लागलीं व पिसण्याचें काम अंकगणिताकडे गेलें. नेवाडाच्या नियमांत यासंबंधीं एक महत्त्वाचें कलम आहे: यंत्रानें पत्त्यांचा खेळ दाखविला तर प्रत्येक पान येण्याचा संभव खऱ्या जोडांतल्याइतकाच असला पाहिजे. इस्पिकच्या दश्शीस न्याय मिळण्यास असा बराच काळ जावा लागला.

मग मालकाचा नफा कोठून येतो? तो पानांतून नव्हे, तर बक्षिसांच्या कोष्टकांतून येतो. 'जॅक्स ऑर बेटर' या प्रसिद्ध प्रकारांत गुलामांची जोडी किंवा तिच्याहून वरचा मेळ आला कीं बक्षीस मिळतें. त्यांत फुल हाऊसला नऊ व फ्लशला सहा नाणीं देणाऱ्या यंत्रावर, दर डावास पांच नाणीं लावून व चूक न करितां खेळल्यास, शंभर रुपयांमागें सरासरी ९९.५४ रुपये परत येतात. तींच बक्षिसें आठ व पांच केलीं कीं परतावा ९७.३० वर येतो. फरक एकेका नाण्याचा. पण तोटा ४६ पैशांवरून २ रुपये ७० पैशांवर, म्हणजे जवळजवळ सहापट जातो. जाणता खेळाडू यंत्राची रोषणाई पाहत नाहीं. तो हे दोन आंकडे पाहतो.

आतां खिशांतल्या यंत्राकडे वळूं. द्रवस्फटिकाचा पडदा स्वस्त झाल्यावर १९८० नंतरच्या काळांत असे खेळ घरोघर गेले. यांत पैसा नाहीं, केवळ गुण. म्हणून जुगाराच्या कायद्याचा पहाराहि नाहीं. गिऱ्हाईक पडदा उन्हांत वाचतां येतो कीं नाहीं, कळा नीट दबतात कीं नाहीं, एवढें पाहून समाधान मानतो. हे गुण निरर्थक नव्हेत. पण आंतला पिसणारा कसा आहे हें त्यांवरून कळत नाहीं.

पांच पानांचे एकूण हात २५,९८,९६० होतात. ज्या यंत्राच्या आंकड्यांचा मूळारंभ सोळा द्विमान अंकांत मावतो, त्यास आरंभाच्या ६५,५३६ जागाच काय त्या असतात. सर्व पहिले हात तें वाटूंच शकत नाहीं. ही भीति पोकळ नव्हे. १९९९ सालीं संगणकांच्या जाळ्यावर पैसे लावून चालणाऱ्या एका पोकरगृहाची पिसण्याची रीत तज्ज्ञांनीं तपासली. तिचा आरंभ मध्यरात्रीपासून उलटलेल्या सहस्रांश सेकंदांवर ठरे. दिवसांत ते ८ कोटि ६४ लक्षच असतात. आपलें घड्याळ त्या गृहाच्या घड्याळाशीं जुळवितांच शक्यता सुमारें दोन लक्षांवर आल्या, आणि पांच पानें कळतांच उरलेलीं सर्व सांगतां येऊं लागलीं. ती रीत प्रामाणिक असल्याचें दाखविण्यासाठीं चालकांनीं स्वतःच ती प्रसिद्ध केली होती!

सामान्य माणसास घरबसल्या दोन परीक्षा करितां येतील. पहिली: बॅटरी काढून पुन्हां घालावी व आरंभींचे दहा हात टिपून घ्यावेत, असें तीन-चार वेळां करून तेच हात त्याच क्रमानें आले, तर यंत्र पानें पिसत नाहीं, पाठ म्हणून दाखवितें. दुसरी: पान न बदलतां प्रथम आलेल्या पांच पानांतच बक्षिसाचा मेळ किती वेळां येतो हें मोजावें. खऱ्या जोडांत तो शेंकडा २०.६ वेळां येतो. म्हणजे दोनशें डावांत सुमारें एकेचाळीस वेळां. ही संख्या तिसाच्या खालीं किंवा त्रेपन्नाच्या वर गेली तर आणखी दोनशें डाव मोजावेत, आणि पुन्हां तसेंच झालें तर संशय धरावा.

कोणी म्हणेल, खेळण्याची एवढी चिकित्सा कशास? पण पैसा नसला तरी खेळणें कांहीं तरी शिकवीत असतेंच. नेहमींच्या रीतीनें खेळतांना रॉयल फ्लश सुमारें चाळीस हजार डावांत एकदां येतो. जें खेळणें मुलाला खूष ठेवण्यासाठीं तो आठवड्यास एकदां दाखवील, तें त्यास दैवाचा खोटा हिशेब शिकवील. आपल्या शेजारीं गोव्यांत १९९२ च्या कायदेदुरुस्तीनें मोठ्या हॉटेलांत जुगाराचीं यंत्रें आलीं, व पुढें नदींतील जहाजांवर जुगारगृहें उभीं राहिलीं. खोटा हिशेब शिकलेला मुलगा मोठेपणीं तेथें पाय ठेवील, तेव्हां त्याची किंमत गुणांत मोजली जाणार नाहीं. म्हणून असें यंत्र घरांत आणलें तर त्याचे पहिले दोनशें डाव वडिलांनीं कागद-पेन्सिल घेऊन मुलाबरोबर मोजावेत. यंत्र खोटें निघालें तरी मुलगा मोजावयास शिकेल.