वाचायला वेळ कोण देतं?

मागच्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या काही मुलामुलींशी गप्पा मारायला मला बोलावलं होतं. विषय ठरला होता 'संशोधनाचा आराखडा कसा लिहावा'. तासभर मी आराखड्यावर बोलले. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं, तर आराखड्यावर एकही प्रश्न आला नाही. जवळजवळ सगळ्यांनी एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली: ताई, एवढं वाचायचं कधी? तुम्ही वेळ कसा काढता?

मी तेव्हा जे सगळे सांगतात तेच सांगितलं. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, सकाळी लवकर उठा, रोज पंचवीस पानं तरी वाचा. सगळ्यांनी ते लिहून घेतलं. घरी येताना मला स्वतःचीच लाज वाटली, कारण हे उत्तर इतिहासाच्या विद्यार्थिनीचं नव्हतं. ते कुठल्याही भिंतीवरच्या सुविचाराचं होतं. म्हणून आज नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करते, आणि त्यासाठी तुम्हाला दीडशे वर्षं मागच्या पुण्यात नेते.

सुरुवात १८४८ पासून करू. या एका वर्षात पुण्यात दोन गोष्टी घडल्या. नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू झाली, म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर. आणि भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांची मुलींची शाळा सुरू झाली. वाचनाचा इतिहास लिहिताना आपण साधारण अशाच नोंदी गोळा करतो: ग्रंथालय कधी निघालं, शाळा कधी निघाली, छापखाने किती होते, साक्षरता किती वाढली. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्यातही हेच होतं. माझ्या मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'पुस्तक होतं, अक्षर येत होतं. पण वेळ?'

तो शेरा मला आधी कळलाच नाही. कळला तो फुल्यांच्याच पुढच्या एका कामातून. १८५५ मध्ये त्यांनी रात्रीची शाळा काढली, शेतकरी आणि मजूर स्त्रीपुरुषांसाठी. विचार करा, शाळा रात्री का? ज्याचा दिवस दुसऱ्याच्या शेतावर किंवा कामावर जातो, त्याच्यासाठी दिवसाची शाळा उघडी असूनही बंदच असते. दार उघडं ठेवून भागत नाही, माणूस ज्या वेळेला मोकळा आहे त्या वेळेला ते उघडावं लागतं. शाळेचं वेळापत्रकसुद्धा कोणाला आत घ्यायचं ते ठरवतं.

आता एका घरात डोकावू. १८७३ च्या अखेरीस महादेव गोविंद रानड्यांचं दुसरं लग्न झालं. ते ३१ वर्षांचे, पुण्यात न्यायाधीश. बायको ११ वर्षांची, लिहितावाचता न येणारी. या मुलीने, म्हणजे रमाबाई रानड्यांनी, पुढे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिल्या. पुस्तक १९१० मध्ये आलं, रानडे जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते वाचलं असेल किंवा निदान त्यावरची मालिका पाहिली असेल. नवरा रात्री शिकवतो, घरातल्या बायका दिवसा टोमणे मारतात, आणि मुलगी दोन्ही सांभाळत शिकते, अशी गोष्ट आपल्या डोक्यात बसलेली असते.

मी तुम्हाला हे पुस्तक पुन्हा वाचायला सांगते आहे, पण या वेळी हातात घड्याळ घेऊन वाचा. रमाबाईंच्या दिवसातला कोणता तास कोणाच्या ताब्यात आहे, हे पानापानावर नोंदवत जा. मग काही गोष्टी दिसायला लागतात.

पहिली गोष्ट, घरातल्या वडीलधाऱ्या बायका रानड्यांच्या तोंडावर विरोध करत नाहीत. ते कोर्टात गेले की बोलणी सुरू होतात. म्हणजे चोवीस तासांच्या दिवसाचे दोन तुकडे पडले आहेत. वरच्या मजल्यावरची रात्र नवऱ्याच्या शब्दाखाली, खालच्या मजल्यावरचा दिवस सासू-नणंदेच्या शब्दाखाली. रमाबाईंच्या स्वतःच्या शब्दाखाली एकही तास नाही. नवऱ्याने शिकवणं हाही एक हुकूमच होता. तो त्यांना पुढे फार उपयोगी पडला, हे खरं, पण निवड त्यांची नव्हती.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. घरात रानड्यांची बहीण दुर्गा होती, वैधव्य आलेली. मालिकेत अशी नणंद खलनायिका म्हणून छान शोभते. संशोधक म्हणून तुम्ही मात्र तिथेच थांबलात तर काम अर्धं राहतं. मोठ्या कुटुंबाचा रोजचा स्वयंपाक, सोवळंओवळं, पाहुणेरावळे, सणवार हे सगळं कोणाला तरी करावं लागतं. हातांमधले दोन हात वाचायला बसले, की त्यांचं काम उरलेल्या हातांवर पडतं.  रमाबाईंचं वाचन तिच्या वाट्याला आलं ते वाढलेल्या कामाच्या रूपात. तिचा राग समर्थनीय होता असं मी म्हणत नाही. त्या रागामागे एक हिशेब होता, एवढंच म्हणते. आणि दुर्गाबाईंच्या आठवणींचं पुस्तक आपल्यापाशी नाही. ज्याला वेळ मिळाला त्याचंच म्हणणं आपल्यापर्यंत पोचतं, हे साधन हाताळताना कायम लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट. रानड्यांची दृष्टी अधू होती. त्यामुळे पुष्कळदा त्यांना दुसऱ्याने वाचून दाखवावं लागे, आणि हे काम रमाबाईंकडेही आलं. इतका अफाट वाचणारा माणूस म्हणून आपण ज्यांचं नाव घेतो, त्यांच्या वाचनात दुसऱ्यांचे डोळे आणि दुसऱ्यांचे तास होते. पण याच वाचून दाखवण्यातून रमाबाईंना वर्तमानपत्रं कळली, राजकारण कळलं. दिलेला वेळ आणि मिळालेला वेळ इथे एकमेकांत इतके मिसळले आहेत की एका शब्दात निवाडा करता येत नाही. १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली आणि रमाबाईंच्या हाती स्वतंत्र घर आलं, तेव्हा शिक्षणाला खरा वेग आला. घराची रचना बदलली तसा वेळ बदलला.

रमाबाईंच्याच काळातल्या काशीबाई कानिटकर, जन्म १८६१. लग्न नवव्या वर्षी झालं तेव्हा त्यांनाही अक्षरओळख नव्हती. घरच्यांची नजर चुकवत त्या वाचायला शिकल्या आणि पुढे मराठीतल्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या लेखिका झाल्या. आनंदीबाई जोशींचं चरित्र त्यांनी लिहिलं, 'रंगराव' ही कादंबरी लिहिली. रमाबाईंना निदान नवऱ्याचा हुकूम पाठीशी होता. काशीबाईंचं सुरुवातीचं वाचन हे घरच्या कामातून चोरलेल्या मिनिटांचं वाचन. अशा वाचनाची नोंद ग्रंथालयाच्या रजिस्टरात कधीच सापडणार नाही. त्यासाठी आठवणी, पत्रं, आत्मचरित्रंच धुंडाळावी लागतात.

तुम्ही म्हणाल, ही बायकांची गोष्ट झाली, पुरुषांना वेळ मिळतच होता. मग मंडालेला जाऊ. १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवलं गेलं. पुण्यातलं त्यांचं आयुष्य म्हणजे 'केसरी', सभा, खटले आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ. तुरुंगात ही रीघ थांबली. घरून पुस्तकं मागवता येत होती. १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्या'चा खर्डा लिहून काढला. अखंड वेळ काय करू शकतो याचं उदाहरण म्हणून ही गोष्ट नेहमी सांगतात. पण तिथेही टिळकांचा स्वयंपाक करायला कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी दिलेला होता. टिळकांच्या तिथल्या दिनक्रमाबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं या कुलकर्ण्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींमधून कळतं. म्हणजे तुरुंगातल्या कोठडीतसुद्धा वाचणाऱ्याच्या शेजारी कोणीतरी चूल पेटवत होतं.

आता थोडं आपल्या जवळ येऊ. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचं काम करायला जात असत, डेक्कन क्वीनने. गाडीतला वेळ त्यांच्या वाचन-लेखनाचा वेळ. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारं त्यांचं पुस्तक १९५६ मध्ये आलं, तेही पगाराची नोकरी गणिताची असताना. आजही सकाळच्या त्या गाडीत माणसं बसतात, फक्त बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो. मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते: गाडी सुटली की तेवढा वेळ तुम्हाला कोणी हाक मारू शकत नव्हतं.

'हाक' हा शब्द मी मुद्दाम वापरला. रमाबाईंच्या घरात वाचन मोडायचं ते खालून येणाऱ्या हाकेने. आपलं मोडतं ते फोनच्या हाकेने. दोन्ही हाका सारख्या वाटतात, पण त्यांच्यात फरक आहे. प्रत्येक हाकेला एक प्रश्न विचारून बघा, हिच्यामागे हक्क कोणाचा? सासूच्या हाकेमागे हक्क होता, तो नाकारायची किंमत मोठी होती. रील दाखवणाऱ्या कंपनीचा तुमच्यावर काडीचा हक्क नाही, ती हाक फुकट नाकारता येते. पण आजारी वडिलांचा फोन, अर्धवेळ नोकरीतल्या साहेबाचा निरोप, लहान मुलाचं रडणं यांच्यामागे हक्क आहे. या सगळ्याला आपण सरसकट 'डिस्ट्रॅक्शन' म्हणतो आणि सगळ्यांवर एकच औषध सांगतो, मोबाइल लांब ठेवा. पहिल्या हाकेवर ते लागू पडतं. दुसऱ्या प्रकारच्या हाकांवर अजिबात नाही.

त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्यांत एक मुलगी होती. लग्न झालेली, सासर हडपसरला. घरी जागा नाही म्हणून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेची फी भरलेली, पण तिथे पोचेपर्यंत अकरा वाजतात आणि चारला परत निघावं लागतं. तिला मी 'सकाळी लवकर उठा' असं सांगितलं होतं. ती आधीच साडेचारला उठत होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर शिस्तीत नव्हतं. घरातल्या कामाची वाटणी बदलल्याशिवाय ते मिळणार नव्हतं, आणि ते तिने एकटीने सोडवायचं नाही, घरच्यांसमोर मांडायचं, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं.

तर आता माझं दुरुस्त केलेलं उत्तर. संशोधन सुरू करायच्या आधी एक आठवडा एक वही करा. तासागणिक काय केलं ते लिहा. शेजारी दुसरा रकाना ठेवा: या तासात कोणाची हाक आली, आणि तिच्यामागे हक्क होता का? बिनहक्काच्या हाका तुमच्या हातात आहेत, त्या तोडा. हक्काच्या हाकांबद्दल माणसांशी बोला, कारण त्या वाटाघाटीशिवाय कमी होत नाहीत. मग तिसरा रकाना, जो बहुतेक जण विसरतात: मी वाचत होते तेव्हा माझ्या वाटचं काम कोण करत होतं?

हेच तीन रकाने तुमच्या साधनांनाही लावा. तुमच्या विषयातला लेखक, समाजसुधारक, पंडित कधी वाचत होता, कोणाच्या परवानगीने, कोणाच्या कष्टावर? उत्तर प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. पण प्रश्न विचारला की दुर्गाबाई आणि कुलकर्णी दिसायला लागतात.

माझी वही मी गेल्या आठवड्यात भरली. पहिले दोन रकाने सोपे गेले. माझा ठरलेला वाचनाचा वेळ सकाळी नऊ ते अकरा. तिसऱ्या रकान्यात सात दिवसांपैकी सहा दिवस एकच नोंद आहे: मावशी, भांडी आणि फरशी. त्यांची मुलगी यंदा दहावीला आहे. आई सकाळी कामावर निघाली की घरचं सगळं तीच बघते, असं मावशी परवा सहज म्हणाल्या. ती कधी वाचते, हे मी अजून विचारलेलं नाही.